उष्णता असेल

जिभेच्या शेंड्यावर फोड घेऊन पहिलीच्या वर्गाला त-थ-द-ध-न शिकवून बघा. या पाच अक्षरांना दंत्य म्हणतात. जीभ दातांना टेकल्याशिवाय ती तोंडातून निघतच नाहीत. डी.एड.ला असताना हे पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, अर्थ कळला तो पंचवीस वर्षांनी. 'क-ख-ग' सुखाने म्हणता येतात, तिथे जिभेचा शेंडा रिकामा असतो. 'प-फ-ब-भ-म' तर सगळं ओठांचं काम. पण 'त' तलवारीचा म्हटला की खरोखर तलवार. तो अख्खा आठवडा मी कमळ, खटारा, पपई आणि मगर यांच्यावर काढला. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलंच, "बाई, फळ्यावरची ही मधली ओळ कधी घ्यायची?"

तोंड आलं होतं. आपल्या भाषेत डोळे येतात, तोंड येतं, देवी येऊन जायच्या, अंगातही येतं. एरवी जणू हे अवयव आपल्याकडे नव्हतेच, आणि एक दिवस पाहुण्यासारखे दारात. पाहुणा आला तसा जाईलही, हे त्या शब्दातच गृहीत धरलेलं आहे. का आला, हे पाहुण्याला कोणी विचारत नाही. फारच कोणी विचारलं, तर उत्तर तयार असतं : उष्णता असेल.

आमच्या घरात हे उत्तर आजीचं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं. कुणाचं ना कुणाचं तोंड आलेलंच असायचं. आजी म्हणायची, "उष्णता झालीया पोरी, जाईचा पाला चावून थुक." चाळीच्या मागे जाईचा एक वेल होता. त्याची फुलं देवाला आणि पानं आमच्या तोंडाला. पान कडू, तुरट. चावलं की तोंडाला पाणी सुटायचं आणि पाचेक मिनिटं बरं वाटायचं. पाल्याने भागलं नाही, तर रात्री फोडावर तुपाचं बोट. तेही पुरलं नाही, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर कापसाच्या बोळ्याने जांभळं औषध फासायचे. मग दोन दिवस शाळेत मुलं हसायची.

आता गंमत अशी, की साध्या तोंड येण्यातला फोड मुळात सात ते चौदा दिवसांत आपला आपण बरा होतो. मधे पांढरट-पिवळा, भोवती लाल कडा, आकार सेंटिमीटरच्या आत. गालाच्या आतल्या बाजूला, ओठाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा खाली, म्हणजे तोंडातलं अस्तर जिथे मऊ आहे तिथे तो उठतो. संसर्गजन्य नसतो, डागही ठेवत नाही. म्हणून दहाव्या दिवशी जे औषध कराल ते रामबाण. पेरूचा पाला, ज्येष्ठमध, गुलकंद, तोंडली, त्रिफळ्याच्या गुळण्या, प्रत्येकाकडे एक हमखास उपाय असतो आणि प्रत्येकाचा अनुभव खरा असतो. मी कुणाशी वाद घालत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करते, तिखट बंद करते आणि दिवस मोजते. एका शेजारणीने मात्र दुखऱ्या फोडावर डोकेदुखीची गोळीच दाबून ठेवली होती. फोडाच्या जागी भाजल्यासारखा पांढरा चट्टा पडला आणि दुखणं दुप्पट झालं. ॲस्पिरिनच्या गोळीने तोंडाचं अस्तर खरंच भाजतं.

माझं तोंड एकदा येऊन थांबत नव्हतं. एक फोड जायच्या आत दुसरा हजर. सुरुवातीला कारणं मीच शोधली. घाईत डबा खाताना गाल चावला जातो. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? मग वाटलं अर्धवट तुटलेली दाढ असेल. दाताच्या डॉक्टरांनी ती घासून गुळगुळीत केली. जाता जाता टूथपेस्ट बदला म्हणाल्या, फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट काहींना बाधतं म्हणून. बदलली. निवडणुकीची ड्यूटी, पेपर तपासणी, सासूबाईंचं आजारपण, झोप चार-पाच तास; ताणाने तोंड येतं हेही खरंच आहे, त्यामुळे ते कारण तर कायमच हाताशी. फोडावर रात्री लावायला स्टेरॉइडचं मलम मिळालं. फोड कापसाने कोरडा करून त्यावर ते हलक्या हाताने टेकवायचं आणि नंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही. फोड जायचे. महिन्याभराने नवे यायचे. आणि शाळेतल्या सगळ्या बायकांचं एकमत, की बाईंना उष्णता आहे, सब्जा घ्या.

सब्जा घेतला. दोन महिने.

शेवटी गेले आमच्या लालबागच्या डॉक्टरांकडे, दुसऱ्याच कामाला. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या, ते दाखवायला. जाता जाता म्हटलं, तोंडही येतंय सारखं. ते लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "जीभ दाखवा बघू." बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिले. मला हसू येत होतं, पन्नाशीची बाई जीभ काढून बसलेली. मग त्यांनी मोबाइलवर फोटो काढून मलाच दाखवला. जीभ लालभडक आणि कडेला गुळगुळीत, घासून पॉलिश केलेल्या फरशीसारखी. जिभेवर जे बारीक काटे असतात, ते झडून गेले होते. मी रोज सकाळी आरशासमोर दात घासते, जीभही घासते. बघितली मात्र कधी नव्हती.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.२, तांबड्या पेशी मोजक्या पण आकाराने मोठ्या, बी-१२ जवळजवळ तळाला. मी शाकाहारी, आणि आठ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण कमी होतं. ते आधीच कमी खाणाऱ्या माणसाला हे महागात पडतं. डॉक्टरांनी समजावलं ते मी मुलांना समजावते तसं लक्षात ठेवलंय. तोंडाचं अस्तर म्हणजे सतत उखडणारा आणि सतत बांधला जाणारा रस्ता. तिथल्या पेशी दिवसांच्या हिशेबाने झडतात आणि नव्या येतात. नवी पेशी करायला बी-१२ लागतं, फॉलिक ॲसिड लागतं, लोह लागतं. माल कमी पडला की ज्या कामाला सगळ्यात जास्त घाई, ते काम आधी अडतं. रक्त आणि तोंड, दोन्ही घाईची कामं. त्यातलं तोंड निदान उघडून बघता येतं.

इंजेक्शनं सुरू झाली. मी हुशारी करून विचारलं, घरात सुनेच्या बाळंतपणातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पडल्यात, त्या घेऊ का सोबत? डॉक्टर एकदम गंभीर झाले. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, सगळं ठीक वाटतं आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं, म्हणाले. पायाच्या मुंग्यांचं मूळ तिथेच होतं.

फॉलिक ॲसिड म्हटलं की मला आता परळ आठवतं, आणि त्याला कारण आहे. आमची शाळा परळमध्येच. आचार्य दोंदे मार्गावरून येता-जाता हाफकिन संस्थेची ती जुनी इमारत दिसते. कधीकाळी मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता तो, १८९९ मध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली. सापांची लस आणि पोलिओचा डोस एवढीच तिची आमच्या मनातली ओळख. तोंड येण्याच्या निमित्ताने वाचायला लागले तेव्हा कळलं, की १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे आल्या होत्या. मुंबईत गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने खंगायच्या, मरायच्या. त्यात गिरणीत काम करणाऱ्या, हातातोंडाची गाठ कशीबशी पडणाऱ्या बायका होत्या. रक्तातल्या पेशी कमी आणि अवाजवी मोठ्या. या आजारात जीभही सोलल्यासारखी होते. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, मग बायकांच्या ताटात डोकावून बघितलं. तसाच निकस आहार उंदरांना घातला, पुढे माकडांना. आणि यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारतं हे त्यांच्या लक्षात आलं. तो अर्क म्हणजे मार्माइट : बिअर करताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट पदार्थ. विलायतेत तो ब्रेडला फासून खातात. स्वस्त, बाटलीत मिळणारा. तो दिल्यावर बायका काही दिवसांत उठून बसायला लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे याला तेव्हा नाव नव्हतं, 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणायला लागले.

माझी आजी १९२९ ची. तिची आई गिरणीच्या वायंडिंग खात्यात होती. आजी सांगायची, तिची आई चौथ्या बाळंतपणात "पांढरीफटक पडून" गेली आणि जाण्याआधी कित्येक दिवस तिला भाकरी तोंडात धरवत नव्हती, दुधात कुस्करून द्यायचे. घरच्यांचं निदान अर्थातच उष्णता. बाळंतिणीला उष्णता म्हणून ताक, उष्णता म्हणून पालेभाजी बंद. मी त्या इमारतीसमोरून जाताना उगाच जोडत बसते. चाळीपासून तिथवर चालत वीस मिनिटं. आजीने मला जाईचा पाला चावून थुंकायला शिकवलं. तिच्या आईला कोणी पालक गिळायला सांगितलं असतं तर, असा एक निरर्थक विचार सिग्नल सुटेपर्यंत टिकतो.

उष्णता या शब्दावर माझा राग आहे असं नाही. वैद्य मंडळी मुखपाक म्हणतात, पित्त बघतात, नाडी बघतात, खाणं विचारतात. त्यांच्याकडे तो विचाराचा आरंभ असतो. आपण घरी त्याच शब्दाने विचार संपवतो. आणि एकच शब्द किती जणांना पुरवायचा? माझ्या वर्गात गेल्या पावसाळ्यात सहा मुलांची तोंडं एका आठवड्यात आली. पाठोपाठ तळहातांवर, तळपायांवर पुरळ. तो विषाणूंचा आजार, हात-पाय-तोंड असंच नाव आहे त्याचं. सात-दहा दिवसांत बरा होतो, पण पसरतो झपाट्याने. एक आई म्हणाली, "बाई, आंबे जास्त खाल्ले त्याने." ऑगस्टमध्ये आंबे! तापानंतर ओठांवर द्राक्षाच्या घोसासारखे फोड उठतात, ते नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचे. आजी त्याला ताप बाहेर पडला म्हणायची. तेही पसरतात. अशा वेळी बाळाची पापी घेऊ नये. दम्याचा पंप घेणाऱ्या आमच्या मुख्याध्यापकांच्या जिभेवर पांढरा थर बसला, पुसला की खाली लाल. ती बुरशी. पंप घेतल्यावर चूळ भरा, एवढंच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि ओठांचे कोपरे चिरलेली मुलं तर दरवर्षी असतात. जांभई दिली की रक्त येतं. त्यांना मी पूर्वी व्हॅसलीन द्यायचे, आता आईला बोलावून घेते आणि डब्यात काय असतं ते विचारते. बी-२ कमी, लोह कमी, कधी नुसतीच लाळ पुसायची सवय.

मशेरीचं राहिलं. आजी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, तो वास जिन्यापर्यंत यायचा, मग चुरून पत्र्याच्या डबीत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि मन दुखावलं की आणखी एकदा. तिच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा खरखरीत चट्टा होता. लहानपणी मी बोट लावून बघितलेला आठवतो. दुखत नाही म्हणून तिने तो कुणाला दाखवला नाही. ती एक्क्याऐंशी वर्षं जगली आणि गेली ती निमोनियाने. हे मी सहसा सांगत नाही, कारण सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, बघा, काही होत नाही.

तोंड आपल्याला इथेच फसवतं. जो फोड जीव नकोसा करतो, 'त' म्हणू देत नाही, तो बहुधा निरुपद्रवी. आणि ज्याची काळजी करायला हवी तो सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. टाटा हॉस्पिटलवरून जाताना फुटपाथवर बसलेली माणसं दिसतात, नळी लावलेली, गालाला पट्टी बांधलेली. दोन आठवडे, फार तर तीन. तेवढ्यात जखम भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा गेला नाही, गाठ लागली, की दाखवायचं. मग तो दुखो न दुखो.

शिपाईमामांचं काहीच दुखत नव्हतं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी आम्ही फुगे फुगवत होतो. मामांनी एक घेतला, फुंकर मारली, हवा ओठांच्या कडेने निसटली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. "दम राहिला नाही बाई आता," म्हणून हसले. मग मला एकेक आठवायला लागलं. गेले काही महिने ते वडापाव तोडून, तुकडा बोटाने आत सरकवून खायचे. ठेचा बाजूला काढायचे. चहा थंड करून प्यायचे. मी म्हटलं, "मामा, तोंड उघडा बघू." वर्गातल्या पोरांना म्हणते तसंच. ते लाजले, पण उघडलं. माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावायला हवीत. मामांची दोन मुश्किलीने. आतून गाल पांढुरके, आणि दोरी ताणल्यासारखे.

"उष्णता आहे, बाई. तिखट सोसत नाही एवढंच."

"तंबाखू?"

"आईशप्पथ नाही. नुसती सुपारी."

नुसती सुपारी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे लोकांच्या मनात गुटखा वाईट आणि सुपारी म्हणजे पूजेतली. पण गालाचं अस्तर आतून कडक होत जाण्याचा हा आजार सुपारीचाच, तंबाखू असो वा नसो. सुपारीतल्या द्रव्यांमुळे अस्तराखाली तंतू साचत जातात, लवचीकपणा जातो. आधी तिखटाची आग, मग तोंड कमी उघडणं, मग जीभ बाहेर न येणं, शीळ न वाजणं. १९६६ मध्ये याची नीट व्याख्या करणाऱ्या दोघांत एक डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग आणि दुसऱ्या आपल्या परळच्याच कर्करोग संशोधन केंद्रातल्या डॉ. सत्यवती सिरसाट. पुढे काहींना याच जागी कर्करोग होतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ च्या अहवालात मांडलं. आणि आमच्या शाळेच्या फाटकासमोर गोड सुपारीच्या पुड्यांच्या माळा लटकतात, चॉकलेटच्या शेजारी. त्याबद्दल मी दोनदा अर्ज दिलाय.

मामांना मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात घेऊन गेले. ते यायला तयार नव्हते, केसपेपर काढेपर्यंत मी हात सोडला नाही. तपासणी झाली, गालाचा छोटा तुकडा काढून बघितला, कर्करोग नव्हता. सुपारी त्या दिवसापासून बंद. गालात इंजेक्शनं, काही गोळ्या, आणि रोजचा व्यायाम. हा पूर्ववत होणारा आजार नाही, झालेलं कडकपण सगळं जात नाही. पण व्यायाम नेटाने केला तर उघडणं थोडं वाढतं, निदान आणखी मिटत नाही. व्यायाम असा, की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या दातांत धरायच्या, आणि जमेल तशी मधे एकेक सरकवायची.

आइस्क्रीमच्या काड्या मोजायला आमच्या वर्गात पोतंभर. पहिलीला एकक-दशक त्याच्यावरच शिकवतो. सुट्टी काडी म्हणजे एकक, दहाचा रबर लावलेला गठ्ठा म्हणजे दशक. मी मामांना नवं पाकीटच आणून दिलं, तरी ते मधल्या सुट्टीत वर्गात येऊन बसतात आणि मुलांसमोर व्यायाम करतात. मुलांना फार आवडतं. पहिल्या दिवशी बरोबर एक गठ्ठा मावला, अकरावी काडी जाईना. मुलं एका सुरात ओरडली, "एक दशक, शून्य एकक!"

पुढचे सहा आठवडे शून्यच होतं. मामा कंटाळले, दोन दिवस आले नाहीत, माझी बोलणी खाल्ली. मार्चमध्ये अकरावी गेली.

काल मी फळ्यावर त-थ-द-ध-न लिहीत होते. पाठीमागे एकदम गलका झाला. वळून बघितलं तर मामा दारात उभे, तोंडात काड्या, डोळ्यांत पाणी आलेलं, बोलता येत नव्हतं म्हणून हाताने दोन बोटं दाखवत होते.

"एक दशक," मी म्हटलं.

"दोन एकक!" वर्ग म्हणाला.